गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा छळ होतोय असं वाटलं तर सुरुवात कुठून करायची

हे मी नवीन लोकांसाठी लिहून ठेवतेय. नुकतीच लागलेली आशाताई, उपकेंद्रात नवीन आलेला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), उमेदची म्हणजे बचत गटांच्या अभियानाची सीआरपी ताई, ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेली बाई, नाहीतर शेजारच्या घरातून रोज आबाजींचं कण्हणं ऐकू येतं पण काय करावं कळत नाही असा कोणीही. आपल्याकडे अशा वेळी दोनच गोष्टी होतात, एक तर "त्यांच्या घरचा मामला हाय" म्हणून सगळे गप्प बसतात, नाहीतर एखादा तापट माणूस पोराला थेट चौकात धरतो आणि त्याच रात्री बुढीचं ताट बंद होतं. या दोन्हीच्या मधला रस्ता आहे. माझं पहिलं सांगणं असं की सुरुवात पोलीस स्टेशनपासून नका करू, तहसीलपासूनही नका करू, सुरुवात दवाखान्यापासून करा. का ते पुढे येतंच.

अपवाद दोनच. एक करणी-भानामतीचा आरोप, तो पुढे वेगळा सांगितलाय. दुसरा असा. जीवाला धोका असेल, मारहाण चालू असेल, माणूस बेशुद्ध असेल, घराबाहेर काढून दिलं असेल, तर विचार करत बसायचं नाही, ११२ ला फोन, गाडी पाहिजे असेल तर १०८. बाकी सगळं नंतर.

आधी काय बघायचं

छळ म्हटलं की लोकांना काठी आठवते. काठीचा छळ असतो, पण गावात त्याहून जास्त दिसतो तो न दिसणारा छळ. बाज सपरीतून (पडवीतून) उचलून कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, नेऊन टाकणं. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, वर्धा पंचेचाळीसच्या वर जातं तेव्हा टिनाच्या शेडमध्ये दिवसभर ठेवणं, आणि माठ हाताला लागेल असा न ठेवणं. बीपीच्या गोळ्या संपून महिना झाला तरी न आणणं. मोतीबिंदूचं ऑपरेशन "सोयाबीन निघू दे", मग "कापूस विकू दे", मग "पोरीचं लग्न होऊ दे" करत तीन-तीन वर्षं लांबवणं. आई एका पोराकडे, बाप दुसऱ्याकडे, अशी वाटणी करून दोघांना भेटू न देणं. निराधारचा पगार, म्हणजे सरकारी पेन्शन, आला की अंगठा लावायला नेणं आणि पैसे खिशात घालून बुढीला आठवडी बाजाराच्या दिवशी वीस रुपये देणं. दिवसचे दिवस कोणी एक शब्द न बोलणं. हे सगळं छळातच मोडतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की साठीच्या वरच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्यातरी प्रकारचा छळ सोसावा लागतो, त्यामुळे "आमच्या गावात नाही असं काही" हे वाक्य कोणी म्हटलं तर शांतपणे ऐकून घ्या आणि आपलं काम चालू ठेवा.

अंगावर काय बघायचं ते नीट समजून घ्या. म्हातारी कातडी पातळ असते, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर नुसता हात लागला तरी निळं पडतं, म्हणून प्रत्येक डाग म्हणजे मार असं धरू नका. पण माणूस पडला तर सहसा गुडघा, कोपर, कपाळ, तळहात फुटतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे डाग, पाठीवर वळ, मनगटाभोवती घासल्याची खूण, दोन्ही बाजूला सारखेच डाग, हे पडण्याने सहसा होत नाही. दुसरं म्हणजे माकडहाडावर, कुल्ल्यावर, टाचेवर चिघळलेली जखम, म्हणजे बहुतेक कूस बदलायला कोणी नाही. वाढलेली नखं, ओले कपडे, मागच्या भेटीपेक्षा सैल झालेला ब्लाऊज. आणि एक सोपी खूण, घरातला माणूस आला की म्हातारं माणूस बोलता बोलता थांबतं का ते बघा.

एकटं गाठून विचारा

नवीन लोकांचं इथेच चुकतं. सून समोर उभी, पोरगा दारात मोबाईल बघत बसलेला आणि आपण विचारतो, "आजी, घरात काही त्रास तर नाही ना?" यावर आजी काय बोलणार बाप्पा!

एकटं गाठायला कारण लागतं, आणि ते कारण आरोग्याच्या कामात आयतं मिळतं. बीपी तपासायचं आहे, दार लावून घ्या, बाही वर करायची आहे. वजन करायचं आहे, उपकेंद्रात पाठवा. बीपीचा पट्टा बांधताना दंड दिसतो, वजन करताना पाय दिसतात. पोलिसाला हे जमत नाही, सरपंचाला जमत नाही, नर्सला आणि आशाला जमतं. दवाखान्यापासून सुरुवात करा म्हणते त्याचं अर्धं कारण हे.

प्रश्न सरळ छळाचा नको, रोजच्या गोष्टींचा ठेवा. "आबाजी, गोळ्या कोण आणून देते?" "रातच्याला लघवीले उठाचं असलं त कोणाले आवाज देता?" "पगार कोण काढून आणते, हातात किती येते?" "जेवण कोणासंग करता?" मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, दोन मिनिटं गेली तरी चालेल. पहिल्या वेळी उत्तर बहुतेक असंच येतं, "काई नाई वं माय, पडली व्हती मी मोरीत." ठीक आहे म्हणा आणि आठ दिवसांनी परत जा, जखम बघायला म्हणून. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला खरं बाहेर येतं, कारण तोवर तुम्ही गावभर बोंब मारली नाही हे तिने बघितलेलं असतं. आशाताईंनी हे फार मनावर घ्या, एका घरातलं दुसऱ्या घरी गेलं की तुमचं काम संपलं.

सीबॅक फॉर्म, म्हणजे आशाने घरोघरी भरायचा आजारांच्या धोक्याचा फॉर्म, भरता ना तुम्ही, त्यात साठीच्या वरच्यांसाठी वेगळे चार प्रश्न आहेत, चालताना तोल जातो का, हालचाल अडेल असं अपंगत्व आहे का, खाणं-आंघोळ-संडासला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. चारही प्रश्न चांगले आहेत पण छळाचा एकही नाही. माझ्या मते ही धोरणातली मोठी उणीव आहे, घराघरात जाणारा फॉर्म असून तो प्रश्न विचारत नाही. फॉर्म बदलेल तेव्हा बदलेल, तोवर तिसऱ्या प्रश्नाला "हो" आलं की लगेच जोडून विचारा, "मग मदत मांगितली त कोणी करते का, का रागावते?" ज्याला दुसऱ्याच्या हातून खावं लागतं त्याचाच छळ जास्त होतो आणि त्यालाच तो सांगता येत नाही.

माणसाचं डोकं शाबूत असेल आणि तो म्हणत असेल की "माह्या पोराच्या विरोधात काही करू नका", तर ते ऐकायचं. त्याचा निर्णय त्याचा आहे. येणं-जाणं चालू ठेवा, ११२ चा नंबर पाठ करून द्या, एवढंही पुष्कळ असतं.

दवाखाना आणि केसपेपर

उरलेलं अर्धं कारण कागद. पुढे एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जा, पोलिसात जा, कोर्टात जा, पोरगा एकच म्हणणार, "बुढीले सवयच हाय खोटं बोलाची." तेव्हा सहा महिन्यांपूर्वीचा केसपेपर, त्यावर तारीख, वजन, जखम कुठे आणि केवढी, गोळ्या किती दिवस बंद, आणि पेशंटने स्वतः सांगितलेलं कारण, हे सगळं लिहिलेलं असेल तर त्याचं वजन वेगळंच. म्हणून पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा की नुसतं "दुखापत" लिहू नका, तपशील लिहा. मारहाण झाली असं पेशंट म्हणत असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायला सांगा, त्याने पोलिसांना आपोआप कळतं. जखमेचा फोटो काढायचा तर आजीला विचारून, आणि तो कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

आता सरकारचं काय आहे ते माहिती असू द्या, कारण मागितल्याशिवाय मिळत नाही. २०१० पासून ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात पीएचसीत आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, जिल्हा रुग्णालयात वेगळी ओपीडी आणि १० खाटांचा वॉर्ड असं ठरलेलं आहे, आणि घरातून उठू न शकणाऱ्यांना घरी जाऊन बघणं हेसुद्धा त्यात आहे. तुमच्या पीएचसीत तो वार कोणता ते विचारून घ्या, वार ठरलेलाच नसेल तर ग्रामसभेत विचारा. २००७ चा जो ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे त्याच्या कलम २० मध्येही सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना शक्य तिथे खाट आणि वेगळी रांग द्यायची असं लिहिलंय. वय ७० किंवा त्याच्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं आणि वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार बसतात. मोतीबिंदू तर सरकारी दवाखान्यात फुकट होतो. हे सगळं सांगायचं कारण असं की "पैसे नाही म्हणून इलाज केला नाही" हे घरच्यांचं कारण खरं असेल तर ते इथे मिटतं, आणि हे सगळं हातात देऊनही घरचे नेत नसतील तर प्रश्न पैशाचा नव्हता हे तुम्हालाही कळतं आणि पुढे एसडीओलाही दाखवता येतं.

मन खचलेलं असेल, मरणाची भाषा असेल, तर १४४१६ टेलिमानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. आणि मरणाची भाषा "वय झालं म्हणून बोलते" असं समजून सोडू नका, आपल्याकडे घराघरात फवारणीचं औषध असतं हे विसरू नका.

सुनेशीही बोला

हे मुद्दाम मध्येच लिहितेय कारण पुढे कायदा येतो आणि कायदा आला की माणसं दिसेनाशी होतात. सकाळी उठून स्वयंपाक, मग निंदण नाहीतर कापूस वेचणी, संध्याकाळी परत येऊन अंथरुणाला खिळलेल्या मामाजींचे कपडे धुणारी सून जर एक दिवस चिडून ओरडली तर ती गुन्हेगार नसते, ती थकलेली असते, आणि बहुतेक घरात ज्याचा बाप आहे तो पोरगा एकदाही बापाचे कपडे बदलत नाही. तिला कूस कशी बदलायची ते दाखवा, डायपर नाहीतर जुन्या कापडाच्या घड्या कशा करायच्या ते दाखवा, सिस्टरची घरभेट लावून द्या, नणंदेला वर्षातून पंधरा दिवस येऊन राहायला सांगा. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या (आपल्या उपकेंद्र-पीएचसीच्या) सेवांमध्ये ज्येष्ठांची काळजी आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी दोन्ही आहे. कितीतरी घरांत इथेच फरक पडतो. पण जिथे मारहाण आहे, उपाशी ठेवणं आहे, शेत लिहून घ्यायचा दबाव आहे, तिथे थकव्याचं कारण लावू नका, तिथे पुढच्या पायऱ्या.

पैशाची गळती थांबवा

एसडीओकडे जाण्याआधी हे करता येतं आणि यात भांडण कमी. पासबुक कोणाकडे आहे, खात्याला मोबाईल नंबर कोणाचा आहे ते बघा. आजीला घेऊन बँकेत जा, पासबुक भरून घ्या, नंबर बदलायचा तर बदलून घ्या. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढताना पावती मागायची आणि रक्कम कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायची. पगार चालूच नसेल तर श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांच्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर महिन्याला १५०० रुपये आहेत, अर्ज तहसीलमध्ये. स्वतःच्या हातात दीड हजार येणाऱ्या आजीशी घरातले लोक वेगळं बोलतात, हे तुम्ही स्वतः बघाल.

शेताचं आता. कोणत्याही कागदावर अंगठा द्यायच्या आधी तो कागद बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणी, शब्द कोणताही असो. पटवाऱ्याकडे फेरफार (जमिनीच्या कागदावर नाव बदलायची नोंद) पडला तर नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात, तेवढ्यात लेखी हरकत द्या, पोच घ्या. आणि आईबापाला पोराच्या नावाने करायचंच असेल तर त्याच कागदात स्पष्ट लिहून घ्या की हा मुलगा आम्हाला मरेपर्यंत जेवण, राहणं, औषधपाणी देईल. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट असून त्याने सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करता येतो. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एका निकालात म्हटलं की अट असावीच लागते, आणि २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, तिथे पोराने सांभाळायचं वचन वेगळ्या कागदावर दिलेलं होतं. वेगळ्या कागदाच्या भरवशावर राहू नका, त्याच कागदात अट घाला. बक्षीसपत्र आधीच झालं असेल आणि अट नसेल तरी अर्ज करायचाच, फक्त दूध, भाकर, औषध देईन असं तो बोलल्याचे साक्षीदार आणि जे काही लिखाण असेल ते गोळा करा.

एसडीओकडे अर्ज

कायद्याचं नाव माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७. अर्ज कोणी करायचा, तर साठ पूर्ण झालेले, स्वतःच्या कमाईवर भागत नसलेले. आईबापाला तर साठीचीही अट नाही. निर्वाह न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले एसडीओ साहेब. साध्या कागदावर अर्ज चालतो. माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने नेमलेला दुसरा माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, विसरभोळेपणा झालेल्या माणसाच्या बाबतीत हे फार कामाचं.

अर्जात काय लिहायचं: कोण, वय, राहतं ठिकाण, मुलं-मुली-मोठी नातवंडं कोण कोण आणि काय करतात (मुलीसुद्धा यात येतात, नुसती मुलं नाही), मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार तो नातेवाईक, महिन्याचा खर्च किती, औषधाचा किती, आणि काय घडलं ते तारखांसह. जोडायला आधार, सातबारा, पासबुकची झेरॉक्स आणि ते केसपेपर. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. चरितार्थ या शब्दात जेवण, कपडे, राहणं आणि औषधोपचार सगळं येतं, म्हणून दवाखान्याचा खर्च वेगळा मांडा. सध्याच्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १० हजारापर्यंत मिळू शकतात. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फारच कारण असेल तर ३० दिवस वाढवून. मधल्या काळात अंतरिम रक्कम मागता येते, हे अर्जातच लिहा, लोक विसरतात.

आधी समेटाचा प्रयत्न होतो. तिथे पोरगा गोड बोलतो, "घरी चाल माय, सगळं नीट करतो." समेट करायला हरकत नाही पण तोंडी नको, किती पैसे, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, राहायला कोणती खोली, सगळं लिहून. उपविभागाचं गाव लांब असतं, तारखा पडतात, म्हणून सांगते की ७५ च्या वर एसटी फुकट आहे आणि ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आधार सोबत ठेवा. सोबत जाणारं माणूस मात्र ठरवून ठेवा, एकट्या आजीला पाठवू नका.

सून-जावई या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. बाईमाणूस असेल आणि घरातल्या कोणाकडूनही मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सासू-आजीलाही लागतो, त्यासाठी त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. फुकट वकील तालुका विधी सेवा समितीकडून, बायांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. कुठे जायचं तेच कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आईबापाला टाकून देणं हा गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

करणी-भानामतीचा आरोप

आपल्या विदर्भातल्या पूर्वेकडच्या आणि मेळघाटाकडच्या भागासाठी हे वेगळं सांगावं लागतं. एकट्या विधवा बुढीला, म्हाताऱ्या जोडप्याला गावच जादूटोण्याचा संशय घेऊन छळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून लोकांना भर चौकात बांधून मारलं, त्यात म्हातारी माणसं होती. इथे समेट नाही, बैठक नाही, थेट पोलीस. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे. कुजबुज सुरू झाली की त्याच दिवशी ठाण्यात कळवा. आणि गावात ताप, हगवण, लहान पोरांचे मृत्यू वाढले की पीएचसीला आधी कळवा, कारण आजाराचं कारण डॉक्टरांनी लवकर सांगितलं नाही तर गाव स्वतःचं कारण शोधतं.

आदेश निघाल्यावर

आदेश निघाला म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण सोडून देतात. दर महिन्याला पासबुक भरून बघा. रक्कम नाही आली तर ३ महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा, न देणाऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात असावी आणि महिन्यातून एकदा भेट व्हावी असं नियमांत आहे, आपल्या माणसाचं नाव त्या यादीत आहे का ते बीट जमादाराला (आपल्या भागाच्या पोलिसाला) विचारा, नसेल तर लिहून द्या.

आणि आदेशानंतरचे पहिले दोन-तीन महिने घरी जास्त जा. राग तेव्हाच निघतो. बीपी बघायचं निमित्त आहेच, आठवड्याला एकदा पट्टा बांधा, वजन लिहा, गोळ्यांची पाकिटं मोजा आणि मागच्या खेपेपेक्षा काही बदललेलं दिसलं तर त्याच दिवशी केसपेपरवर चढवून घ्या.